कानाला न पुरलेला हात

"साहेब, आमच्या रानात दरसाल मेंढरं बसायची. त्यातली कोण कवा व्याली, हे आमी कुठं ध्यानात ठिवायचं?"

साक्षीला आलेले आबासाहेब हे बोलले आणि तहसील कचेरी हसली. साहेब हसले. कारकून हसला. दाखल्यांसाठी दाराशी ताटकळलेली माणसंही हसली. काय चाललंय हे त्यांना माहीत नव्हतं, तरी हसली.

मेंढी विते. म्हैस विते. बाई बाळंत होते. चौथी शिकलेल्या मला हे कळतं. आबासाहेब तर कॉलेजात गेलेले.

माझ्या हातात मोबाइल होता आणि तो चालू होता. पलीकडं ऑस्ट्रेलियात माझी लेक सविता ऐकत होती. साहेबांनी तिच्या शिक्षणाचं काही विचारलं तर सांगता यावं म्हणून फोन चालू ठेवायला तिनंच सांगितलं होतं. आपल्या जन्माची चौकशी ती ऐकत होती. आपली आई मेंढरांत धरली गेली, तेही तिनं ऐकलं.

हसणं ओसरल्यावर साहेबांनी चष्मा पुसला.

"आजी, आई तुम्ही. आईलाच पोरीचा जन्म कधीचा ते माहीत नाही?"

"म्हाईत हाय. मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार."

"मग शाळेच्या दाखल्यावर एक जून कसा?"

"एक जून गुरुजींनी लिवला. साल मी वाढवून सांगितलं."

"म्हणजे खोटं सांगितलं."

"व्हय."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. खरं बोलणाऱ्या माणसाकडं नसतंच. फोनमधून सविताचा बारीक आवाज आला, "आई, जाऊ दे. चल तू घरी." आणि फोन बंद झाला.

ती खोटी तारीख कशी लागली ते आधी सांगते. ती माझी चोरी आहे. झाकणार नाही.

आमचं गाव वडूजच्या पलीकडं, पाऊस वळून जातो त्या भागात. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दसरा झाला की कळप घेऊन आम्ही पश्चिमेला निघायचो. रहिमतपुरावरून खाली कृष्णाकाठाला. तिथं ऊस तुटून रानं मोकळी झालेली असायची. बागायतदार आमची मेंढरं रानात बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी. चार दिवस ह्या रानात, चार दिवस पुढच्या. मिरगाच्या आत परत गावी. माझं सगळं आयुष्य ह्या येण्याजाण्यात गेलं. माझी चौथी झाली ती आजीनं मला गावात ठेवून घेतली म्हणून. आजी गेली आणि शाळा सुटली. पुस्तक ठेवलं, काठी घेतली.

सविताचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. ती साडेचार वर्षांची होती. सासू गावात राहायची, पण डोळ्यांनी अधू होत चाललेली. पोरीला तिच्याजवळ ठेवायचं तर ह्याच साली, पुढच्या सालाचा भरवसा नव्हता. नवरा म्हणाला, "औंदा शाळेत घेतली तर ऱ्हाऊ दे म्हातारीजवळ. न्हाई घेतली तर दसऱ्याला येईल मेंढरामागं." एकदा मेंढरामागं गेलेली पोरगी शाळेच्या दारात परत येत नाही. मला कुणी सांगायला नको होतं.

जून लागला आणि मी तिला शाळेत घेऊन गेले. गुरुजी म्हणाले, "सहा पुरी झाली का?"

"झाली."

कागद कुठल्याच पोराचा नसायचा. गुरुजींची वय मोजायची रीत होती. पोरानं उजवा हात डोक्यावरनं पलीकडं न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोट कानाला लागलं की पोर सहाचं. नाही लागलं तर पुढच्या साली या.

सविताचा हात पुरला नाही. बोटं कानाच्या वर केसांतच चाचपडत राहिली. तोंड लाल झालं तिचं. चवड्यावर उभी राहिली, जसं काही उंच झालं की हात लांब होतो. मी तिच्या मागं उभी होते. तेल लावून विंचरलेलं तिचं डोकं मी धरलं आणि हळूच उजवीकडं कलतं केलं. बोट कानाला लागलं.

गुरुजींनी बघितलं का? बघितलं असणार. त्यांना पटावर पोरं हवी होती. त्यांनी एक जून लिहिला आणि त्यातून सहा वर्षं वजा केली. पुढं मी पट बघितला, तर वरपासून खालपर्यंत सगळी पोरं एक जूनची. जसं काही वर्षातनं एकाच दिवशी आमच्या बायकांना मूल होतं.

असं तिचं वय दीड वर्षानं वाढलं. माझ्या दोन हातांनी वाढवलं.

पण हेही लिहून ठेवते. साडेचार वर्षांची ती पोरगी सहा वर्षांच्या पोरांत बसली आणि चौथीला पहिली आली. वडूजला दहावी केली. सांगलीला राहून कॉलेज केलं. मग सांगलीकडंच एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत लागली. दुधात काय मिसळलंय, कुठलं दूध टिकणार, कुठलं नासणार, हे तपासायचं काम. दहा वर्षं केलं. तिनं शिकवलेली दोन पोरं तिच्या वरच्या खुर्चीत गेली. एकाचा मामा संचालक, दुसऱ्याचा चुलता. ती तिथंच. दर एक जूनला डेअरीतली माणसं केक कापायची आणि तिला हॅपी बर्थडे म्हणायची. ती घरी येऊन सांगायची, "आई, आज पण मी जन्मले." आणि आम्ही हसायचो. तेव्हा हसलो.

लग्न केलं नाही तिनं. त्यावरून गावानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. साठवलेलं सगळं मोडून ती ऑस्ट्रेलियात पुढचं शिकायला गेली. दुधापासून चीज, पावडर, तसलं शास्त्र. पहिल्याच आठवड्यात फोन केला, "आई, हितं माणसापरीस मेंढरं जास्त हायती. तू आलीस तर तुला घरच्यासारखं वाटंल."

आता तिथला नियम सांगते. सवितानं मला तीन वेळा समजावला, म्हणून मला कळला.

परदेशातून येऊन तिथं शिकलेल्या पोरांना शिक्षण संपल्यावर काही वर्षं काम करायची परवानगी मिळते. ही पहिली पायरी. त्या वर्षांत आपल्या शिक्षणाचं काम धरायचं. ते काम त्यांच्या कुशल कामांच्या यादीत असावं लागतं. मग कंपनीनं हमी घेतली की कुशल कामगाराचा व्हिसा मागता येतो. पहिल्या पायरीवर पाय टेकला नाही तर वरचा जिना नुसता बघायचा.

सविता गेली तेव्हा पहिल्या पायरीला वय पन्नासपर्यंत चालत होतं. ती शिकत असतानाच त्यांनी ते पस्तीसवर आणलं. तिथल्या एका चीजच्या कारखान्यानं तिला सांगून ठेवलं होतं, परवानगी आण, काम तुझंच आहे. काम यादीत बसत होतं. मार्क बसत होते. इंग्रजी बसत होतं. वय बसत नव्हतं.

एक जूनला ती कागदावर छत्तीस झाली. निकाल लागला आषाढात. खरी होती साडेचौतीस.

तिचा फोन आला. रडली नाही. रडणारी नाहीच ती. म्हणाली, "आई, नीट आठवून सांग. मी खरी कवा झाले?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला. शाळेनं विचारला नाही, पासपोर्टवाल्यांनी नाही. सगळ्यांनी दाखला बघितला. जिच्या पोटातनं ती आली, तिला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मी म्हणाले, "आठवायचं कशाला? विसरायला झालं पाहिजे ना आधी."

सांगलीत पोरांना परदेशी पाठवणारं एक ऑफिस आहे. तिचा अर्ज त्यांच्याकडूनच गेला होता. मी तिथं गेले. टाय लावलेला माणूस म्हणाला, "मावशी, अर्जाला निकालापासून सहा महिने आहेत. तेवढ्यात जन्माची नोंद झाली, तर त्यावरून पासपोर्ट दुरुस्त करायचा प्रयत्न करता येईल. कुठल्या हॉस्पिटलचा जन्म?"

"हास्पिटल न्हाई. रानात झाली."

त्यानं दाराकडं बघितलं. मग खुर्ची पुढं ओढून हळू बोलला, "एखाद्या जुन्या दवाखान्याचा दाखला बघू का? बंद पडलेले पुष्कळ आहेत. कुणी तपासायला जात नाही."

म्हणजे ती दवाखान्यात जन्मली असं लिहायचं. पलंगावर. नर्सच्या हातात. आणि त्या रानात जे झालं ते कुठं जायचं? मी एकदा पोरीचं डोकं कलतं केलं, त्याचं फळ समोर दिसत होतं. आता दुसऱ्यांदा कलतं करायचं नव्हतं. मी म्हणाले, "नगं. जिथं झाली तिथलीच नोंद आणते."

कुठं झाली ते सांगते.

कृष्णाकाठचं एक गाव. आबासाहेबांच्या वडिलांचं पाटाकडचं रान, ऊस तुटून गेलेलं, पाचट म्हणजे उसाचा वाळला पाला तसाच पसरलेला. तिथं आमची मेंढरं बसली होती. मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. दुपारी मला कळा लागल्या आणि दिवस कलायच्या आत सविता झाली. जाऊबाई जवळ होती, ती आता नाही. तिनं नाळ कापली. पाचटावर घोंगडं टाकून मला निजवलं.

नवरा बागायतदाराच्या दारात गेला. गरम पाणी आणि गुळाचा खडा मागायला. त्यांच्या घरात गुरुवारचं लक्ष्मीचं व्रत. घट मांडलेला, बायका कहाणी वाचत बसलेल्या. आबासाहेबांच्या आईनं आतूनच सांगितलं, "मुलगी झाली? लक्ष्मी आली म्हणायची. पण आज सोवळं हाय. बाळंतिणीचा इटाळ घेऊन दारात उभा ऱ्हाऊ नगंस. आणि रान मोकळं करा उद्या."

घटातली लक्ष्मी घरात. पाचटावरची लक्ष्मी विटाळ.

शुक्रवारी सकाळी आबासाहेब रानात आले. तेव्हा विशीतले होते. घरात लग्नाची गडबड, माघात बार उडायचा होता. अंगात निळा स्वेटर, खांद्यावर खोरं. म्हणाले, "उठा. पाणी सोडायचंय." तुटल्या उसाच्या बुडख्यातनं पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याला पाणी द्यायची त्यांची पाळी होती. मी म्हणाले, "दादा, आजचा दिस थांबा." ते म्हणाले, "पाळी चुकंल."

आणि पाटाचं दार उघडलं. पाणी सरीसरीनं माझ्याकडं आलं. घोंगडं खालून भिजलं तशी मी उठले. एक दिवसाची पोरगी ओटीत बांधली आणि पुढच्या रानापर्यंत चालत गेले. माझ्या पायावरनं काय वाहत होतं ते पाटाच्या पाण्यात मिसळत गेलं. कोकरं मात्र नवऱ्यानं उचलून घेतली होती. कोकरांना गारठा बाधतो.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलंच नाही. आमच्यातल्या किती बायका अशा उठून चालल्यात. मला वाटायचं, हे असंच असतं. पाणी येतं, आपण उठायचं.

तर ह्या आबासाहेबांची साक्ष मला हवी होती. नवराही आता नाही; जन्माच्या वेळी त्या रानाशी संबंध असलेलं माझ्याशिवाय तेवढंच एक माणूस जितं होतं. श्रावणात मी त्यांच्या बंगल्यावर गेले. पायरीवर बसले. वर बस असं कुणी म्हणालं नाही आणि मीही वर गेले नाही. त्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून दिला. स्टीलचा, लग्नात आहेर आलेला. त्यावर नाव कोरलेलं असतं तसं होतं. वराचं नाव, वधूचं नाव, खाली लग्नाची तारीख आणि साल. मी पाणी प्यायले आणि साल वाचलं. एवढ्या वर्षांत एखादं साल माझ्याकडून इकडंतिकडं होतंय की काय, अशी धास्ती होती. तांब्यानं ती घालवली. जन्मानंतरच्या माघाचं, माझ्या हिशेबातलंच साल.

आबासाहेब झोपाळ्यावर होते. सगळं ऐकून म्हणाले, "कुठं? ऑस्ट्रेलिया? अगं, आमचा विक्रम तिकडंच शिकून आला. त्याला म्हणाले, तुमचं काम कुशल यादीत बसत न्हाई. आला माघारी. बागायतदाराच्या पोराला जे जमलं न्हाई, ते तुझ्या पोरीला जमतंय व्हय?"

"तिचं काम यादीत हाय, आबासाहेब. वयाचं तेवढं अडलंय."

ह्यावर त्यांचा झोपाळा थांबला.

"येतो मी साक्षीला," ते म्हणाले. "पण तिथं पाण्याबिण्याचं काढायचं न्हाई. आणि आमच्या आईचं नाव घ्यायचं न्हाई. देवाघरी गेली ती."

पाण्याचा शब्द मी काढला नव्हता. त्यांनीच काढला. म्हणजे सगळं लक्षात होतं. तरीही मी मान हलवली. "न्हाई काढत," म्हणाले. पोरीसाठी म्हणाले. वर "लय उपकार झाले" असंही म्हणाले. कचेरीतल्या हसण्यापेक्षा ह्या माझ्या शब्दाची मला आज जास्त चीड येते. ज्यानं पाण्यात उठवलं, त्याचे उपकार मी पायरीवर बसून मानले.

आणि मग भाद्रपदात कचेरीतला तो दिवस. साहेबांनी आबासाहेबांना खुर्ची दिली. मी उभी. साहेबांनी विचारलं, "तुमच्या शेतात हा जन्म झाला, हे तुम्हाला आठवतं का?" एवढं "व्हय" म्हणायचं होतं. एक शब्द. त्या शब्दावर माझ्या लेकीचं पुढचं आयुष्य होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं आणि कोण कवा व्याली ते बोलले.

का बोलले? मी पुष्कळ विचार केला. विक्रम माघारी आला आणि मेंढरावालीची पोरगी तिथं राहिली, हे त्यांना सोसवेना असणार. का चारचौघांत हशा मिळतोय म्हणून बोलले. मोठ्या माणसाला तेवढंही कारण पुरतं.

फोन बंद झाला होता. ज्या पोरीसाठी मी गप्प राहायचं कबूल केलं, तिनंच जाऊ दे म्हटलं होतं. आता गप्प राहायला कारण उरलं नव्हतं.

मी म्हणाले, "साहेब, एक विचारते. आबासाहेबांचं लगीन कवा झालं, ते त्यांच्या ध्यानात हाय का?"

"ह्याचा हितं काय संबंध?" आबासाहेब म्हणाले.

"तुमच्या घरातल्या तांब्यावर कोरलंय. मी वाचलंय. त्या लग्नाच्या आदल्या मार्गशीर्षात आमची मेंढरं तुमच्या पाटाकडच्या रानात बसली व्हती. तिसऱ्या गुरुवारी माझी लेक झाली. आणि शुक्रवारी सकाळी तू पाटाचं दार उघडलंस."

तू म्हणाले मी.

"ए म्हातारे! तोंड सांभाळून बोल."

"पस्तीस वर्सं सांभाळलं की. निळा सेटर व्हता तुझ्या अंगात. मी पाचटावर पडलेली, पोरगी एक दिसाची. मी तुला दादा म्हणाले. आजचा दिस थांब म्हणाले. तू थांबला न्हाईस. उसाची पाळी ध्यानात ठिवलीस रं आबा, आणि माझी लेक ध्यानात ऱ्हायली न्हाई व्हय तुझ्या?"

आबासाहेब खुर्चीतून उठले. तोंड तांबडं झालं होतं.

"मग काय खोडवा वाळवायचा व्हता आमी? पाळी चुकली असती तर पुढचं पाणी कवा आलं असतं, कुणी सांगायचं? उठवलं तर उठवलं! दुसऱ्या रानात जागा दिलीच व्हती की!"

बोलून गेले आणि मग कळलं त्यांना. तोंड मिटलं. कारकुनानं लिहिता लिहिता मान वर केली. कचेरीत आता कुणी हसत नव्हतं.

मी म्हणाले, "साहेब, लिवा. हेच लिवा. जसं बोलले तसं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, शेतात पाणी सोडलं हा काही जन्माचा पुरावा होत नाही. तांब्याही होत नाही. कागद आणा."

"माणूस तुमच्यासमोर कबूल झाला की."

"ते रागाच्या भरात बोलले. मी तसं नोंदवू शकत नाही."

मी खोटं सांगितलं तेव्हा गुरुजींनी एका क्षणात लिहून घेतलं. त्या खोट्यावर दाखला झाला, पासपोर्ट झाला, त्याच्यावर शिक्के बसले. खरं सांगितलं तर लिहायला पेन नाही. पुरावा अपुरा, एवढं लिहून साहेबांनी कागद बाजूला केला. आबासाहेब माझ्या अंगावरून निघून गेले. जाताना म्हणाले, "कीव आली म्हणून आलतो. तुमच्यासारख्यांवर उपकार करूच नये."

मी म्हणाले, "नगोच करू."

मुदत संपली. सविता परत आली. तिथल्या कारखान्यानं ते काम दुसऱ्या कुणाला दिलं असेल. असणारच, चीज कुणासाठी थांबत नाही. आता ती पुन्हा सांगलीकडं एका डेअरीत दूध तपासते. आली तेव्हा स्टँडवर तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "त्या दिवशी फोन ठेवल्यावर तू काय बोललीस ते मला कुणीतरी सांगितलं. आई, हे पाण्याचं तू मला कधीच का नाही सांगितलंस?"

"सांगून काय सांगणार? तू पाण्यात भिजली न्हवतीस. मी भिजले व्हते."

"आणि कानाचं? शाळेत माझा हात कसा पुरला?"

तेही मी तिला पहिल्यांदा तिथंच सांगितलं. स्टँडवर, बॅगा खाली ठेवून. डोकं मी कलतं केलं होतं हे. तिनं उजवा हात डोक्यावरनं नेला आणि डावा कान धरला. छत्तीस वर्षांची बाई कागदावर. आसपासची माणसं बघत होती. मग हात खाली घेतला आणि बॅगा उचलल्या. मला माफ केलं का, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

माघात आबासाहेबांचा निरोप आला. थोरल्या पोराला, कळप आता तोच बघतो. ऊस तुटलाय, मेंढरं आणा, रान वाट बघतंय. नुसत्या खताच्या गोणीनं त्यांची जमीन आता पिकत नाही. लेंडी लागते. लेंडी आमच्याकडं आहे.

थोरला म्हणाला, "आई, आज्जाच्या काळापास्नं आपलं ठरलेलं रान हाय ते. एका बोलण्यावरनं सोडायचं?"

मी म्हणाले, "एका बोलण्यावरनंच सोडायचं. त्या रानात आपली एक लेंडी पडणार न्हाई. मी जिती असस्तवर न्हाई आणि मेल्यावर पण न्हाई. विचारलं तर सांग, आमची मेंढरं कुठं बसायची ते आमच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

थोरल्यानं काठी उचलली. मग कळप उंब्रजच्या बाजूला घेऊन गेला, दुसऱ्याच्या रानात.

आणि मी नवा अर्ज केला आहे. सविता म्हणते, "आई, आता त्याचा उपयोग काय? व्हिसा गेला." बरोबर आहे. व्हिसा गेला. तो परत येणार नाही. तरी अर्ज केला आहे. ह्या खेपेला काही लपवलेलं नाही. घट लिहिला, विटाळ लिहिला, पाळी लिहिली, निळा स्वेटर लिहिला. गुरुजींपुढं मी पोरीचं डोकं कलतं केलं, तेही लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझं आहे. कारकून म्हणाला, असला अर्ज घेता येत नाही. मी म्हणाले, मग घेता येत न्हाई असं लिवून द्या. त्यानं लिहून दिलं नाही. अर्जही परत दिला नाही. दर गुरुवारी मी एस.टी.नं जाते आणि त्याच्या टेबलासमोर उभी राहते. तो म्हणतो, बसा. मी बसत नाही. त्यांच्या कागदावर तिसरा गुरुवार लागेपर्यंत मी जाणार आहे.

साहेबांनी विचारलं होतं, आज खरं बोलताय कशावरून. तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे.

सविता माझी लेक. पाटाकडच्या रानात, पाचटावर, मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी झाली. साहेब तिथं नव्हते. गुरुजी नव्हते. ऑस्ट्रेलिया नव्हती. मी होते.